पाणंद, बांध आणि गल्ल्या: बेळगाव भागातल्या पायी फेऱ्यांच्या प्रकल्प नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

राजहंसगड, महिपाळगड, हलशी, गोकाकचा धबधबा ही नावं या भागात कुणाला सांगावी लागत नाहीत. लिहिलेली नसते ती मधली वाट. बसमधून उतरल्यावर गावाबाहेर कुठल्या गल्लीने पडायचं, पाणंद कुठे संपते, ओढा कुठे ओलांडायचा, परतीची बस चुकली तर कुठल्या फाट्यावर जाऊन थांबायचं, हे गावकऱ्याला पाठ असतं आणि बाहेरच्याला विचारत जावं लागतं. हा प्रकल्प त्या मधल्या वाटेचा आहे. प्रत्येक फेरीचं एका पानाचं मार्गपत्रक करायचं, सोबत मोबाइलमध्ये उघडता येईल अशी जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेवरच्या बिंदूंची नोंद.

फेरी निवडण्याच्या अटी आजच ठरवल्या. जाणं-येणं बसने किंवा रेल्वेने जमलं पाहिजे. खेड्यातल्या फेरीत डांबरी रस्ता एकूण अंतराच्या निम्म्याहून कमी हवा. मोठ्या रस्त्याच्या कडेने सलग ५०० मीटरपेक्षा जास्त चालणं नको. कुणाच्या खळ्यातून, परड्यातून, उभ्या पिकातून वाट काढायची नाही. शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त फेऱ्या बाद होणार.

२७ ऑक्टोबर

नकाशांची जुळवाजुळव. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे पाया म्हणून घेतले. त्यांतल्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे टेकडीचा चढ रेषा मोजून काढता येतो. पायवाटा मात्र त्यांत जुन्या आहेत. काही नांगराखाली गेल्या, काहींचे डांबरी रस्ते झाले. ओपनस्ट्रीटमॅपवर शहरातल्या गल्ल्या चांगल्या भरलेल्या आहेत, शिवारात कच्च्या वाटा तुटक.

खरा उपयोग महसुली गावनकाशाचा. त्यात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेघ म्हणजे पाऊलवाट. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंचे जुने गावनकाशे एकाच धाटणीचे आहेत आणि चंदगड तालुक्यात जाणारी वाट जोडताना फार अडत नाही. नकाशावर वाट आहे, पण जागेवर नाही, असं झालं तर तलाठ्याकडे किंवा पंचायतीत विचारायचं. नकाशावर नाही, पण जागेवर रुळलेली आहे, असं झालं तर शेतमालकाला विचारायचं. त्याने ‘जावा की, कोण नको म्हणतंय’ म्हटलं तरी पत्रकात ती वाट ‘मालकाच्या संमतीने’ अशीच लिहायची, कारण संमती माणसाची असते आणि जमीन विकली जाते.

३ नोव्हेंबर

साधनांची तपासणी. अंतर मोजायला एक मीटर परिघाचं मोजचाक, ३० मीटरची फीत आणि दोन मोबाइल.

चाक आधी फितीने मोजलेल्या १०० मीटरवर तीनदा फिरवून बघायचं. तिन्ही आकडे अर्ध्या मीटरच्या आत जुळले पाहिजेत. डांबरावर आणि मुरुमावर चाक विश्वासू. चिखलात घोळ होतो. एक मीटर परिघाच्या चाकाची त्रिज्या १५९ मिलिमीटर. त्यावर ५ मिलिमीटर मातीचा थर बसला की परीघ १,०३१ मिलिमीटर होतो आणि खऱ्या एक किलोमीटरला काटा ९७० मीटरच दाखवतो. काळ्या रानात दव असताना हा थर शंभर पावलांत बसतो. म्हणून शिवारात चाक न्यायचं नाही, तिथे जीपीएस.

जीपीएसचीही खोड आहे. थांबून टिपणं घेताना, फोटो काढताना तो जागच्या जागी भरकटत राहतो आणि अंतर वाढवतो. थांबलं की नोंद थांबवायची. बिंदूंचं अंतर ५ मीटर ठेवायचं. दर सेकंदाला बिंदू घेतला तर फाइल फुगते आणि वाकडेपणा अंतरात धरला जातो. अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंतींवरून संकेत परततो आणि रेघ शेजारच्या गल्लीत जाऊन बसते. तिथे चाकच बरं.

उंचीचा आकडा मोबाइलवरून उचलायचा नाही. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता, पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या गणिती लंबगोलापासूनची दाखवतात आणि आपल्या भागात ती सत्तर-ऐंशी मीटरने कमी येते. शिवाय थोडीथोडी वर-खाली डोलत राहते, म्हणून सपाट येळ्ळूर शिवारातसुद्धा एकूण चढ शंभर मीटर दिसू शकतो. चढ समोच्च रेषांवरूनच मोजायचा.

१० नोव्हेंबर

किल्ला फेरी. मध्यवर्ती बसस्थानक, किल्ला तलाव, दुर्गादेवीचं देऊळ, दरवाजा, कमल बस्ती, साफा मशीद, रामकृष्ण मिशनचा आश्रम आणि परत. सुमारे तीन किलोमीटर, सगळी सपाट. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले यांना ही पहिली फेरी म्हणून द्यावी. बघत गेलं तर दीड तास.

कमल बस्ती हे जैन मंदिर, १२०४ सालचं, रट्ट राजवटीतलं. आत गेल्यावर आधी मान वर करायची: छताला उलट्या कमळाचं झुंबर आहे, ७२ पाकळ्यांचं. चोवीस तीर्थंकर, भूत-वर्तमान-भविष्य अशा तीन काळांचे, म्हणून ७२. खांबांची झिलई बघायला सकाळचं तिरपं ऊन लागतं. दहानंतर आत अंधार आणि बाहेर झगझगाट, डोळ्यांना काहीच दिसत नाही. चपला बाहेर, फरशी ऑक्टोबरच्या उन्हातही चटके देते, मोजे घालावेत.

खंदकाच्या कडेने किल्ल्याला पूर्ण वेढा घालायची कल्पना मोहक आहे, पण सोडून दिली. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे, आणि पहारेकरी परत पाठवतो तेव्हा अर्ध्या वाटेवरून फिरावं लागतं. पत्रकात स्पष्ट लिहायचं: लष्करी फलक दिसला की तिथून मागे, फोटो नाही.

खुणेचे बाण इथे रंगवायचे नाहीत, फलकही रोवायचा नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. वळणं शब्दांतच सांगायची.

२४ नोव्हेंबर

येळ्ळूर ते राजहंसगड. भातकापणी बहुतेक उरकली आहे आणि ही फेरी करण्याचा हंगाम आता सुरू होतो.

येळ्ळूरच्या बासमतीचं शिवार कापणीआधी चालण्यालायक नसतं. बांध ओले आणि जेमतेम फूटभर रुंद, वर गवत, खाली खेकड्यांची बिळं. पाय बिळात गेला की घोटा मुरगळतो. कापणीनंतर पंधरा-वीस दिवसांत बांध घट्ट होतात. पण मोकळं दिसणारं रान मोकळं नसतं: भाताच्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकतात आणि सुरुवातीला उगवण दोन बोटं असते, लांबून दिसतही नाही. म्हणून पत्रकात ठळक अक्षरांत: बांध सोडून खाचरात उतरू नये, रान कितीही रिकामं वाटलं तरी. गावाला राग येतो तो याच गोष्टीचा, आणि तो योग्य आहे.

गावातून गडापर्यंत चार-पाच किलोमीटर. गडावर गाडीरस्ता जातो आणि त्याच रस्त्याने चालत गेलं तर सुट्टीच्या दिवशी दुचाक्यांची रांग अंगावर येते. पाणंदीने पायथ्याच्या राजहंसगड गावापर्यंत जायचं आणि शेवटचा चढ तेवढा रस्त्याच्या कडेने, असा मार्ग धरला. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना निवडुंग आणि घाणेरी. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. पाणंद जिथे दोन फाट्यांत फुटते तिथे खूण म्हणून झाड लिहायचं नाही. झाड तुटतं. विहीर, मोरी, देवाचा चौथरा, हेस्कॉमचा टीसी (वीज कंपनीचा ट्रान्सफॉर्मर) यांपैकी काहीतरी घ्यायचं; विजेच्या खांबावर क्रमांक असेल तर तो.

वर सिद्धेश्वराचं देऊळ, तटबंदी आणि २०२३ साली अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा. तटावरून उत्तरेला बेळगाव शहर, पश्चिमेला सह्याद्रीची निळी ओळ. वाऱ्याचा जोर इतका असतो की टोपीला दोरी हवी. सावली देवळापुरतीच. पाणी खालूनच न्यावं: माणशी थंडीत दोन तासांना एक लिटर, मार्चनंतर दीड.

वेळ काढण्याचं सूत्र या फेरीवर पक्कं केलं. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये नियम मांडला: ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, म्हणजे १० मीटरला एक मिनिट. चढाचा भाग आपल्याकडे ठीक लागू पडतो. ताशी ५ मात्र बांधावर कुणाला जमत नाही. डांबरावर ४, सुक्या पाणंदीत साडेतीन, बांधावर ३, चिखलात २ धरायचे. सहा किलोमीटर पाणंद आणि २०० मीटर चढ असेल तर मूळ नियमाने दीड तास निघतो, आपल्या हिशेबाने दोन. पत्रकात दोन.

१ डिसेंबर

साखर कारखाने सुरू. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर कडेला जागाच ठेवत नाहीत आणि वळणावर मागची ट्रॉली आत कापत येते. निपाणी, चिकोडी, रायबाग भागातल्या ज्या फेऱ्यांत कारखान्याचा रस्ता येतो त्या मार्चपर्यंत बाजूला. तसंही उभ्या उसातून चालणं म्हणजे दोन भिंतींमधून चालणं. नदीकाठ शंभर पावलांवर असून दिसत नाही. कृष्णा-दूधगंगेकाठच्या फेऱ्या तोडणी झाल्यावरच बघायच्या.

८ डिसेंबर

शहर फेरी. राणी चन्नम्मा चौक, काकतीवेस, गणपत गल्ली, मारुती गल्ली, नरगुंदकर भावे चौक, तिथून कपिलेश्वर; पूल ओलांडून एसपीएम रोड, शिवाजी उद्यान, गोवावेस, टिळकवाडी, रेल्वे फाटकापलीकडे काँग्रेस रोड, वीरसौध (१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक) आणि काँग्रेस विहीर. पाच किलोमीटरच्या आसपास.

ही फेरी सकाळी साडेसहाला सुरू करावी. साडेआठपर्यंत बाजारपेठ चालण्याची असते, दहानंतर ती फक्त बाजारपेठ असते. लवकर गेलं की दुकानांची शटरं बंद असतात आणि त्यांच्या वरचे लाकडी सज्जे, कौलं, जुन्या माड्या दिसतात. एरवी नजर फलकांवरच अडते. शनिवार टाळावा, बाजाराचा दिवस. गणेशोत्सवात मार्ग उलटा करावा किंवा करूच नये.

कुठे काय थांबून बघायचं ते थोडक्यात. किर्लोस्कर रोड मार्गापासून दोन मिनिटं बाजूला आहे, पण वळावं: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, नांगराचा कारखाना आणि किर्लोस्करवाडी त्यानंतरची. काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनाच्या पाणीपुरवठ्यासाठी खोदलेली. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन ते हेच, २६ आणि २७ डिसेंबरचं. टिळकांनी होमरूल लीग १९१६ मध्ये याच शहरात स्थापन केली, त्यामुळे टिळकवाडीत थांबून हे दोन्ही एकदम सांगता येतं.

अडचण एकच आणि ती मोठी: पदपथ. असतो तिथे दुचाकी उभी, नसतो तिथे गटाराची उघडी फरशी. प्रत्येक रस्त्याची कुठली बाजू चालण्यासारखी आहे ते पत्रकात लिहिलं आहे (शहराच्या पत्रकातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी मजकूर). रेल्वे फाटक बंद असेल तर थांबायचं, वाकून जायचं नाही. आणि रुळांच्या कडेची सरळसोट पायवाट कितीही सोयीची वाटली तरी ती मार्गात घ्यायची नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा.

शेवट कुठे करावा यावर मतं पडली. विहिरीपाशी खायला काही नाही. बाजारपेठेकडे परत येऊन कुंदा घेऊन घरी जावं, हे सर्वांना पटलं.

२२ डिसेंबर

अधिवेशनाला चार दिवसांनी शंभर वर्षं होताहेत. काँग्रेस रोडवर मांडव, बंदोबस्त. टिळकवाडीचा टप्पा जानेवारीत पुन्हा बघायचा.

१२ जानेवारी २०२५

देवरवाडी, वैजनाथ, महिपाळगड. वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची. पुढचं शिनोळी महाराष्ट्रात. वैजनाथाचं देऊळ आणि गड दोन्ही चंदगड तालुक्यात, पण चालणारे बहुतेक बेळगावचे. सीमा चालताना कळत नाही, बसच्या वेळापत्रकात कळते. कर्नाटकची बस एका ठिकाणापर्यंत, महाराष्ट्राची एसटी दुसऱ्या वेळेला. दोन्ही वेळा एकाच पत्रकात लिहायच्या, आणि परतीसाठी वेंगुर्ला रस्त्यावर चालत उतरण्याचा पर्याय ठेवायचा, कारण त्या रस्त्यावर काही ना काही मिळतंच.

देवरवाडीतून देवळापर्यंत सावलीचा चढ, झाडी दाट. जीपीएसची रेघ इथे दहा-पंधरा मीटर हलते. फाइलमध्ये ती हाताने सरळ करावी लागली. देवळाच्या मागून गडाकडे जाणाऱ्या वाटेवर पालापाचोळा आणि खाली सुटा जांभ्याचा खडा. चढताना काही वाटत नाही, उतरताना घसरतो. उतरण गाडीरस्त्याने ठेवली. महिपाळगडावर तटाच्या आत गाव नांदतं आहे. म्हणजे ‘गड बघायला’ जाणारा माणूस लोकांच्या दारांतून जातो: आवाज बेताचा, न विचारता घरांचे फोटो नाहीत.

या डोंगरात गवे आहेत. पहाटे अंधारात आणि सूर्यास्तानंतर जाऊ नये. गवा दिसला तर थांबायचं, तो हलेपर्यंत वाट बघायची. दगड, आरडाओरडा, मोबाइलचा फ्लॅश काही नाही. एकटा नर असेल तर अंतर दुप्पट. बांधावरची सौर झटका तार दिवसाही चालू असू शकते, तिला हात लावून बघायचं नसतं. तटाच्या कमानींत आग्या मोहोळ असलं तर अत्तर आणि धूर दोन्ही वर्ज्य.

परतताना उचगावची मळेकरणी देवीची आमराई जोडली तर छान, पण मंगळवार-शुक्रवार सोडून. त्या दिवशी तिथे जत्रा असते.

९ फेब्रुवारी

खानापूर ते असोगा. स्थानकावरून पायीच, जाऊन-येऊन आठ किलोमीटरच्या आत. मलप्रभेचा काठ, महादेवाचं देऊळ, सावली, बसायला कातळ. रेल्वेने येणाऱ्यासाठी या सगळ्या यादीतली ही सर्वांत सोपी फेरी. पावसाळ्यात नदी घाटावर चढते. जून ते सप्टेंबर पाण्यात पाय घालायचा नाही, कातळावर शेवाळ असतं आणि खाली डोह आहेत.

हलशीला वेगळा दिवस हवा. गावातल्या गावात फिरायची फेरी: भूवराह नरसिंह, सुवर्णेश्वर, गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर, कलमेश्वर, आणि वर रामतीर्थाची टेकडी. कदंबांची पलाशिका ती हीच. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, त्यामुळे मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की दोन्हीकडे मूर्ती. एरवी एका टोकाला जाऊन पाठ फिरवायची सवय असते. इथे ती मोडावी लागते. अंतर तीनएक किलोमीटर, वेळ मात्र तीन तास, कारण थांबणंच जास्त. जवळ नंदगड, संगोळ्ळी रायण्णाची समाधी. वेळ उरला तर बसने.

खानापूरच्या पश्चिमेच्या जंगलातल्या वाटा यादीत नाहीत. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पायी जाता येत नाही, आणि अस्वलाचा मुलूख आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघावा, तो देवळाजवळच आहे.

९ मार्च

चाचणी. पत्रक लिहिणाऱ्याने सोबत जायचं नाही. वाट माहीत नसलेल्या दोघांच्या हातात कागद द्यायचा, मोबाइल बंद. कुठे थबकले तेवढं त्यांनी कागदावर फुलीने दाखवायचं.

फुल्या जवळजवळ सगळ्या गाव सोडतानाच्या पहिल्या ३०० मीटरमध्ये आल्या. डोंगरावर कुणी चुकत नाही, गावाबाहेर पडतानाच चुकतात, कारण गल्ल्या जास्त आणि खुणा सारख्या. दुरुस्ती अशी: गावाच्या भागाला स्वतंत्र मोठा नकाशा, दर वळणाला आधीच्या खुणेपासूनचं अंतर मीटरमध्ये, आणि ‘डावीकडे’ला जोडून दिशा किंवा ठळक ठिकाण. ‘डावीकडे, देवळाकडे पाठ करून’ असं लिहिलं की वाद मिटतो. ‘थोडं पुढे’ हे शब्द पत्रकातून हद्दपार.

गावांची नावं मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत छापायची. खेड्यांच्या बसची पाटी बहुधा कन्नडमध्ये असते; कागद कंडक्टरला दाखवला की काम होतं. खाली आपत्कालीन १०८ आणि ११२. साप चावला तर चिरणं, आवळून बांधणं नाही. हालचाल थांबवून थेट बेळगावचं जिल्हा रुग्णालय.

१३ एप्रिल

वळवाचे दिवस. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी तीनच्या पुढे पश्चिमेला काळं चढतं आणि अर्ध्या तासात गडगडाट. राजहंसगड, महिपाळगड यांसारख्या उघड्या माथ्यांवरून दुपारी एकच्या आत खाली. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायचे, तिनाने भागायचं, किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर माथा, एकटं झाड, तारेचं कुंपण, पुतळ्याचा चौथरा सगळं सोडून उतरायचं. छत्री बंद.

शिवारातल्या विहिरी आटल्या. पत्रकातल्या ‘पाणी’ या खुणेपुढे महिने लिहायला सुरुवात केली.

१५ जून

पाऊस बसला. येळ्ळूरची बांधवाट बंद, डिसेंबरपर्यंत. रोप लावणीच्या दिवसांत बांधावरून माणसं आणि रोपांचे भारे जातात, तिथे चालणाऱ्याने अडचण करू नये. वैजनाथ खुलं, पण देवळापर्यंतच. किल्ला आणि शहर फेरी चालू. साफा मशिदीकडची फरशी निसरडी, सावकाश.

गोकाक आता घ्यायचं. घटप्रभेचा ५२ मीटरचा कडा जुलै ते सप्टेंबरच बघण्यासारखा, उन्हाळ्यात नुसता खडक. झुलता पूल उघडा असेलच असं नाही, म्हणून मार्ग त्यावर अवलंबून ठेवायचा नाही. एकाच काठाने जाऊन त्याच काठाने परत. कड्याजवळचा खडक पाण्याने गुळगुळीत झालेला असतो. कठड्याबाहेरचे फोटो पत्रकात घालायचे नाहीत, लोक तीच जागा शोधत जातात. पहिली मोजणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, चाक घरी ठेवून.